कुंपणाबाहेरचा भात

जिन्दो बेट,
१९ ऑक्टोबर १९८४

प्रिय दादा,

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. मुळ्याची किमची मुरतेय.

तुझी कादंबरी मिळाली. आईला रोज थोडी वाचून दाखवते. सेऊलचे सरकारी साहेब येऊन गेले; आईला मोठ्या मंचावर नाचवायचंय आणि तुझ्या हस्ते मानपत्र द्यायचंय. पूर्वी तिच्या अंगात येणं म्हणजे देशाला कलंक होता, आता म्हणे देशाचा आत्मा! बाई नवे रेशमी कपडे शिवून तयार बसलीय.

बाबा समुद्रात बुडाले, त्यांच्या आत्म्याला वाट दाखवायला आईनं जागर घातला, शिपायांनी ढोल फोडला, देव्हारा जाळला. हे तू लिहिलंस ते खरंच. पण आपल्याच देशाचे शिपाई तुझ्या पुस्तकात जपानी कसे झाले रे? जपानी तर केव्हाच गेले होते! वाचकाला देशाभिमान वाटावा म्हणून, असं म्हणशील. मला नाही पटत.

आणि तो भात. जागराला भटक्या भुतांना कुंपणाबाहेर आपण भरड धान्याच्या गार पेजेचा वाडगा ठेवतो. त्या दुपारी मात्र आईनं गरम पांढरा भात ठेवला, वर अंडं. मी ओरडलेसुद्धा, "भुतांचे कसले लाड!" हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या पुस्तकात त्या भाताची वाफसुद्धा आहे. तू तर तेव्हा सेऊलला कॉलेजात होतास ना?

शिपाई मागच्या पाणंदीनं आले. ती वाट परक्याला सापडत नाही. आणि अंगात येणाऱ्या बाईचा मुलगा म्हणून अडलेली तुझी शिष्यवृत्ती पुढच्याच महिन्यात मिळाली.

काल ते भाताचं पान आलं आणि मी थांबले. आई म्हणाली, "वाच की, अडखळतेस काय?" वाचलं. मग सरळच विचारलं, "आई, तो गरम भात कुणासाठी होता गं?"

"माझं पोर कुंपणामागं गारठून उभं होतं," ती लसूण सोलत म्हणाली.

"आणि शिपाई?"

"ते काय, येणारच होते. म्हटलं, आधी त्याला जेवू दे."

दादा, मला रात्रभर संताप आवरला नाही. पण मी तिला अडवणार नाही. ती हसत तुझ्या हातून मानपत्र घेईल. तेव्हा तुला तिच्याकडे बघवतं का, ते पाहायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आईनं आशीर्वाद सांगितलेत. माझा नमस्कार या वेळी लिहीत नाही.

ओक-बुन