न्हाणीपासून देवघरापर्यंत

सोमवार, ६ जानेवारी
महिना झाला. सासूबाई पलंगावरच! डॉक्टर म्हणतात, हाड शाबूत आहे, चालवा. या म्हणतात, "न्हाई गं शिल्पा, त्या फरशीवरून लई घसरतंय."

सगळी नवऱ्याची, मृत्युंजयची हौस! दिवाळीला जुनी शहाबादी फरशी उखडून अहमदपूरहून आरशासारख्या टाईल्स आणल्या. सासूबाई आंघोळ करून ओल्या पायांनी लिंगपूजेला निघाल्या, आणि धाडकन पडल्या. चप्पल घालून देवघरात? नाव काढायचं नाही! आता गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा पलंगावरच. झाली की हळूच डोळे पुसतात. मला ते बघवत नाही.

बुधवार, ८ जानेवारी
आज शाळेत सहावीला घर्षण शिकवलं. व्याख्या लिहिली, पोरांनी जांभया दिल्या. मग पिशवीतून उरलेली टाईल, शहाबादीचा तुकडा आणि गोणपाट काढलं. एका टोकाखाली पुस्तकं रचून उतार करायचा, वर खोडरबर ठेवायचा. किती पुस्तकांना घसरतो ते मोजा!

कोरडी टाईल – तीन. ओली टाईल – एक! ओली शहाबादी – पाच. गोणपाट एका पाटीभोवती घट्ट गुंडाळलं, तर सहा पुस्तकांनाही खोडरबर हलेना. वर्गात आरडाओरडा. मी तर मनातल्या मनात नाचले – सासूबाईंचं औषध सापडलं! संध्याकाळीच न्हाणीपासून देवघरापर्यंत गोणपाट अंथरलं.

गुरुवार, ९ जानेवारी
सकाळी आधी स्वतः चालून पाहिलं. गोणपाटासकट गेले ना मी! सपशेल आडवी. सासूबाई आधी घाबरल्या, मग महिन्याभरात पहिल्यांदा खो खो हसल्या. "मास्तरीणबाई पडल्या की वो!"

वर्गात सांगितलं. अक्षरा पहिल्या बाकावरून म्हणाली, "हाव मॅडम, पाय गोणपाटाला धरतोय. पण गोणपाट टाईलला धरतंय का? ते तुम्ही बघितलंच न्हाई."

बी.एड. मी केलंय!

रविवार, १२ जानेवारी
मृत्युंजयला म्हटलं, तेवढ्या वाटेवरच्या टाईल्स काढ, जुनी शहाबादी बसव. "फोडू? दोन-अडीच महिने झाले फक्त!" तोंड फुगवून बसला. आत पलंगावर आईची पूजा आटोपत होती. त्यानं पदर डोळ्यांना लागताना पाहिला. चहासुद्धा न घेता छिन्नी-हातोडा घेऊन खाली बसला.

गुरुवार, १६ जानेवारी
सिमेंट वाळलं. म्हटलं, चला, हात धरते. सासूबाईंनी एक पाय खाली सोडला, फरशीकडे बघितलं, परत वर घेतला. "उद्या बघू."

शनिवार, १८ जानेवारी
आजही उद्याच. रडूच आलं मला. पाच पुस्तकांचा हिशोब त्यांच्या भीतीला कसा सांगू?

सोमवार, २० जानेवारी
पहाटे देवघरात घंटा वाजली. मृत्युंजय तर शेजारीच घोरत होता! धावत गेले. शहाबादीवर ओली पावलं – न्हाणीपासून थेट देवघरापर्यंत.