सवाष्णीचा दोरा

२६ ऑक्टोबर

हो म्हणून बसले. आता निस्तर म्हणावं!

आ-ग्योक सकाळीच देवळासमोर आली. बिस्किटांच्या भट्टीवरून उठून तशीच, भुवयांवर पीठ. माझ्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या पोरीचा, यी-रोंगचा चेहरा तुम्हीच उघडायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही मी." मुहूर्तही काढून आणलेला. लग्न अठरा नोव्हेंबरला, दोऱ्यानं लव काढून चेहरा उघडायचा तो सतराला, सकाळी सात ते नऊच्या आत. मध्ये एक रात्र मिळते, लाली उतरते, हे बरं.

यी-रोंग! माझ्या स्टुलाखाली बसून पावडरीची वडी चाटायची ती. तिला नाही कसं म्हणणार?

पण नवरीच्या चेहऱ्याला सवाष्ण लागते. नवरा हयात, मुलगा-मुलगी दोन्ही. तिचं भाग्य दोऱ्यातून पोरीला लागतं. मुलगा आहे, मुलगी आहे. नवराही आहे — थियाम-होक, हॉस्पिटलात, नाकात नळी. परवा डॉक्टरला विचारलं, किती दिवस? म्हणाला, महिनासुद्धा सांगवत नाही.

सतरा तारखेला मी सवाष्ण असेन का? हे कुणाला विचारू?

२७ ऑक्टोबर

थियाम-होकला सांगून टाकलं. त्याच्यापासून काय लपवायचं, चाळीस वर्षांत जमलं नाही ते. हसला. हसता हसता खोकला, नर्स धावत आली.

"म्हणजे तुझ्या धंद्यासाठी मी जिवंत राहायचं?" म्हणाला. "चला, एकदाचा माझा काहीतरी उपयोग झाला!"

मग नर्स गेल्यावर, "सतरा म्हणालीस ना? बघतो." येताना मासे आणतो म्हणावं, तसं.

३१ ऑक्टोबर

पोरीची कातडी बघितली. हनुवटीवर पुटकुळ्या! रोज संध्याकाळी ते ओले कागद तोंडाला चिकटवून बसते म्हणे. म्हटलं, बंद कर ते. तांदळाच्या धुवणानं तोंड धू, तळलेलं सोड, आणि रात्री लवकर झोप. तायचुंग शहराहून मेकअपवाली आली होती, चाकांची बॅग ओढत. मला वाटलं नाक मुरडेल. पण पोरगी शहाणी निघाली. "मावशी, दोरा झाल्यावर दिवसभर तोंडाला काही लावू देऊ नका, बाकी मी बघते," म्हणाली. केसांवरून मायलेकींची जुंपली. लेकीला मोकळे हवेत, आईला अंबाडा आणि त्यात लाल रेशमाची फुलं. शेवटी अंबाडाच. आ-ग्योकपुढे कुणाचं चाललंय?

मग यी-रोंग हळूच म्हणाली, "मावशी, सिऊ-थो मावशीनं केलं तर? तिच्या दोऱ्यानं दुखत नाही."

खरंच आहे. माझ्या दोऱ्याखाली बायका कण्हतात, तिच्याखाली झोपी जातात. मला शिकवलंच तिनं. पण बावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात बुडाला, तेव्हापासून एकाही नवरीला तिनं हात लावलेला नाही. नवऱ्या माझ्याकडे, बाकीच्या तिच्याकडे. हे असंच चालत आलंय.

"शुभ कामाला भलतंच काय बोलतेस!" मी ओरडलेच पोरीवर.

सिऊ-थो शेजारच्याच स्टुलावर होती. पावडरीची वडी दगडावर घासत होती. "बरोबर आहे बी-हुईचं," म्हणाली. पोरीला म्हणाली, मला नाही. नंतर नेहमीसारखा आपल्या डब्यातला अर्धा पेरू मला दिला. मी खाल्ला. जरा हळू बोलायला हवं होतं.

४ नोव्हेंबर

त्याला अर्धी वाटी पेज गेली. विनोद एकही नाही.

८ नोव्हेंबर

सगळे म्हणतात, आता घरी आणा. नणंदेचा दोनदा फोन. पुरुषानं शेवटचा श्वास आपल्या घरात, पितरांसमोर सोडावा. हॉस्पिटलात गेला तर जीव वाट चुकतो. मुलगा, चुन-नान, कामावरून रजा टाकून आलाय, तोही तेच म्हणतो.

हा बाबा ऐकेल तर शपथ! "सतरापर्यंत मी इथून हलणार नाही."

"का पण?"

"नळी काढून घरी नेलंत आणि मी गेलो, तर सुतकात दोरा धरशील का? अक्कल चालव जरा."

मला इतका राग आला! म्हटलं, लोकांची पोरगी मोठी, की आपले पितर? तर म्हणतो, "लहानपणी माझी कालवं चोरून खायची ती. टोपलीत हात घालून, कच्ची! लोकांची कसली?"

बसमध्ये रडले. समोरची बाई बघत होती, बघू दे. मला तो घरी हवाय. आणि मला सतरा तारीखही हवीय. दोन्ही कसं मिळणार?

१२ नोव्हेंबर

आज गिऱ्हाइकाच्या गालावर रक्ताचा ठिपका उठला. तीस वर्षांत पहिल्यांदा! सिऊ-थोनं बघितलं. गिऱ्हाईक गेल्यावर स्वतः माझ्यासमोर येऊन बसली, तोंडाला पावडर फासून.

"माझ्या गालावर कर. इथं अशुभ व्हायचं काही शिल्लक राहिलेलं नाही."

मला हसू येईना. तिला आलं. मग दोरा दातात धरला, बोटांत अडकवला, फिरवायला लागले. ती डोळे मिटून सांगत होती — "दात आवळू नकोस, बी-हुई. दोरा दातानं ओढायचा नसतो, नुसता धरायचा. मनगट सोड." अर्धा तास. शेवटी झोप लागली तिला. कपाळावरचे पांढरे केस मी हळूच बाजूला केले.

तिची माफी मागायची होती. उठल्यावर म्हणाली, "चला, भाजी घ्यायचीय." राहून गेलं.

१६ नोव्हेंबर

दिवसभर झोपूनच. दुपारी एकदा डोळे उघडले. "उद्या?"

"उद्या."

"केस नीट बांधून जा."

मग चुन-नानला जवळ बोलावलं, कानात काहीतरी सांगितलं. पोरगा नाही-नाही म्हणत होता, मग मान हलवली. मी विचारलं, काय? "बापलेकांचं," म्हणाला. मी हात धरला, तर त्यानं माझी बोटं मोजल्यासारखी एकेक दाबली. कामाची बोटं तपासत होता बहुतेक.

चुन-नान म्हणाला, "आई, तू घरी जा, नीट झोप. मी आहे."

१७ नोव्हेंबर

सहाला फोन केला. लगेच उचलला. "झोपलेत, आई. शांत झोपलेत. तू तिचं करून ये."

शांत झोपलाय! देवा, तुझे उपकार.

केस नीट बांधले. साडेसातला यी-रोंगला दक्षिणेकडे तोंड करून बसवलं, पावडर लावली, लाल दोरा दातात धरला. पहिला फेरा कपाळावर, नांदा सौख्यभरे. मग डावा गाल, उजवा गाल, लेकरंबाळं होवोत. दात आवळले नाहीत! मनगट आपोआप सुटलं. बारीक लव निघत गेली आणि पोरीचा चेहरा खालून वर आला. आ-ग्योक दारात उभी राहून पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावत होती.

"दुखलं का गं?"

"नाही, मावशी. सिऊ-थो मावशीसारखं वाटलं."

एकही लाल डाग नाही. आता अंघोळ करून हॉस्पिटलात जाते, त्याला सांगते. चुन-नानचा फोन वाजतोय.

२० नोव्हेंबर

लिहायला आज वेळ मिळाला.

त्या दिवशी अकराला त्याला घरी आणलं. चुन-नान अँब्युलन्समधून उतरला तो बापाच्या तोंडावरचा, श्वास भरायचा रबरी फुगा दाबत दाबतच. मधल्या खोलीत, पितरांसमोर निजवलं. पोरानं कानात सांगितलं, "बाबा, घरी आलो." मग मास्क काढला. छाती हलली नाही. अकरा वीस.

सगळे म्हणतात, थांबला हो तुमच्यासाठी! पोरीचा चेहरा होईपर्यंत थांबला, घरी आला आणि मग गेला. असं मरण कुणाला मिळतं? आ-ग्योकनं फोनवर हंबरडा फोडला — "भावोजींनी शब्द पाळला."

सुतकातली बाई लग्नाला जात नाही. मेकअपवालीनं निरोप पाठवला: पावडर अशी बसली की दुसरा हात फिरवावा लागला नाही.

थांबला. माझ्यासाठी थांबला. हेच घोकत बसलेय तीन दिवस. घर मोठं झालंय.

५ डिसेंबर

चुन-नानचं जाकीट धुवायला घेतलं. खिशात कागदाची अरुंद पट्टी, हॉस्पिटलच्या ठोके मोजायच्या यंत्रातली. त्यावर एक सरळ रेघ. कोपऱ्यात छापलंय — १७ नोव्हेंबर, ५:४०.

पोरापुढे ठेवली. तो खाली बघत म्हणाला, "बाबांनी शपथ घातली होती."

साडेसातला दोरा दातात धरला होता मी, सवाष्ण म्हणून.

पट्टी घेऊन सिऊ-थोच्या दारात गेले. सुतकात कुणाचा उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून बाहेरच उभी राहिले. तिनं चष्मा लावून वाचली. दोनदा. मग म्हणाली, "पोरीला एकसुद्धा डाग उठला नव्हता ना?"

"नाही."

"मग ये आत."

गेले.