धाकट्याने दिलेली जामीनकी

मी, स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. कारखाना व यंत्रे माझ्या मुलीला. तिने बँकेशी संबंध जपावेत, त्याशिवाय आपल्यासारख्यांचा धंदा वाढत नाही. मात्र घरच्या कोणालाही जामीन ठेवू नये.

२. थोरल्या जावेला काही नाही. "बाईमाणसाला कोण कर्ज देणार?" असं ती चारचौघांत म्हणाली होती. मी विसरलेले नाही.

३. राहतं घर माझ्या धाकट्या भावाला. हे बक्षीस समजू नये.

माझ्या पहिल्या कर्जाला तो स्वतःचं घर तारण देऊन जामीन राहिला. शाळेतला चित्रकलेचा मास्तर. "ताई, सही कुठे करू तेवढं सांग," म्हणाला. ते कर्ज फिटलं तेव्हा हसला, "चला, सुटलो एकदाचा!"

सुटला नव्हता. हमीपत्र पुढच्या कर्जांनाही लागू होतं. ते सोडवायला मी गेले, तर बँकेचे साहेब म्हणाले, "राहू द्या ना बाई. नवे कागद करायचे तर वाढीव कर्ज लांबणीवर पडेल." साहेब भले होते, कारखान्यात येऊन, यंत्रं बघून कर्ज देणारे. मला नवी यंत्रं हवी होती. मी गप्प बसले, आणि धाकट्यालाही बोलले नाही.

तीन यंत्रांची नऊ झाली, चाळीस माणसं कामाला लागली. मग मोठं गिऱ्हाईक बुडालं, हप्ते थकले आणि बँकेने धाकट्याचं घर लिलावात काढलं. कारखाना वाचला.

"ताई, तुला माहीत होतं?" त्याने एकदाच विचारलं. मी नाही म्हणाले.

मला माहीत होतं.

आजही मला कोणी नावं ठेवली की तो भांडतो, "तिला बिचारीला काय कल्पना!" भाड्याच्या दोन खोल्यांतून दर रविवारी येतो, माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून जातो. त्याचं येणं थांबेल या भीतीने मी तोंड उघडलं नाही. एवढीच माझी हिंमत.

वकिलांनी किल्ल्या देण्याआधी हे कलम त्याला वाचून दाखवावं. त्यानंतर त्याने माझा फोटो भिंतीवरून उतरवला, तर मुलीने अडवू नये.

उद्या रविवार. तो यायच्या आत हा कागद वकिलांकडे पोचलेला असेल.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: ८ जून, शनिवार
(सही) मृत्युपत्र करणारी

त्यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) शेजारचे शिंपी