उसण नव्हती, अण्णा

अण्णा, तुमच्या नातीच्या छातीत दुखतंय आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्ही तिला पाहिलंच नाही. पोलीस भरतीची तयारी करते, रोज सकाळी मैदानावर पळते, आणि हट्टाला सरळ तुमच्यावर गेली आहे. मी मोबाइलवर वेळ लावून कडेला उभी असते. मागच्या महिन्यात ती पळता पळता थांबली, छाती धरून माझ्यापर्यंत आली, गवतावर पालथी पडली आणि म्हणाली, "आई, पाय लाव की. उसण भरलीय."

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले यात माझा काही पराक्रम नाही, पण आपल्या वस्तीत उसण भरलेलं माणूस आधी माझ्याकडं यायचं आणि मग दवाखान्यात. सगळ्यात जास्त वेळा तुम्ही. लहानपणीचं ते अजून डोळ्यांपुढं आहे: दुपारी भाकरी घेऊन मी मार्केट यार्डात येते, तेव्हा तुम्ही कांद्याचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असता. मध्येच तोंड वाकडं होतं. पोतं टाकून तुम्ही रिकाम्या बारदानावर पालथे पडता, "ये गं पायाळू, दे की पाय," म्हणता, आणि मी ट्रकच्या चाकाला धरून तुमच्या पाठीवर टाच टेकवते. बाकीचे हमाल हसतात. थोड्या वेळानं तुम्ही उठून बसता. "सुटली बघ. लई गुणाचा पाय हाय माज्या पोरीचा." शाळेत मला कधी बक्षीस मिळालं नाही, त्यामुळं हे कौतुक मी पुष्कळ वर्षं मिरवलं.

तर त्या दिवशी मैदानावर मी चप्पल काढली, पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला. तुम्ही त्याच फळीवर, पाठीवर पोतं असतानाच कोसळून गेला होतात, चाळिशीही न गाठता. मी पाय खाली टेकवला. पोरगी ओरडली, "लाव की गं." मी म्हणाले, "ऊठ, दवाखान्यात चल."

ईसीजी चांगला निघाला. माझा जीव भांड्यात पडला, तर डॉक्टर म्हणाले, सीटी स्कॅन करू. त्यात सापडलं. हृदयाला रक्त देणारी उजवी नळी जन्मापासूनच चुकीच्या बाजूनं निघाली आहे आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेली आहे. बसल्या जागी काही होत नाही. पळताना त्या दोन्ही फुगतात आणि मधली दबते, भरल्या पोत्यांच्या मध्ये पाण्याचा पाइप सापडावा तशी. डॉक्टर म्हणाले, "काहींच्यात असं असतं ताई, त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण हिला पळताना दुखतंय, म्हणून दुर्लक्ष करून चालणार नाही. पुण्याला पुढची तपासणी होईल, कदाचित ऑपरेशनही लागेल. तोवर पळणं बंद." मग त्यांनी तिला विचारलं, पडून राहिलं की थांबतं का? ती व्हय म्हणाली आणि मला बारदानावर पालथे पडलेले तुम्ही दिसलात.

तुम्हाला बरं वाटायचं ते माझ्या टाचेनं नव्हे अण्णा. तुम्ही आडवे पडायचा, म्हणून. मला तुमचा फार राग आला. छातीत दुखतंय म्हटलं असतंत तर कुणीतरी दवाखान्यात नेलं असतं. उसण म्हटल्यावर सगळे हसले, मीही हसले, आणि तुम्ही उठून पुन्हा पोतं घेतलंत.

मैदानी चाचणी आठवड्यावर आली होती. ती म्हणाली, "आई, एवढी एकच पळू दे. मग डॉक्टरला काय कापायचं ते कापू दे." मी समजावलं, रडले, शिव्या घातल्या. पालथ्या घड्यावर पाणी. काल तिनं बूट पुसून दारात मांडून ठेवले. तेव्हा मी म्हणाले, "तुझे आजोबा ह्यानंच गेले. तू बाहेर बसली होतीस तेव्हा डॉक्टरच म्हणाले मला."

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. मी विचारलं होतं खरं, ते म्हणाले, "आता कसं सांगणार? तेव्हा कुणी तपासलंच नाही." तुमच्या छातीत काय होतं ते तुमच्याबरोबरच गेलं, आणि मी मात्र तुमच्या मरणाला माझ्या सोयीचं कारण लावलं. मग तिनं विचारलं, "आजोबांना पण असंच दुखायचं?" मी व्हय म्हणाले. त्या सगळ्या बोलण्यात तेवढंच खरं होतं.

आज सकाळी तिच्या नंबराची मैदानी चाचणी झाली. ती गेली नाही. माझ्याशी बोलतही नाही. हा कागद तिच्या हाती लागता कामा नये, म्हणून लिहून झाला की फाडणार आहे. आत भांडी आपटत ओटा आवरणं चाललंय तिचं. आपटू दे. आवाज जरा थांबला की मीही लिहायची थांबते आणि कान देऊन बसते.