उघडल्या उघडल्या काय दिसावं

३ ऑक्टोबर
कॉम्प्युटरवाला येऊन गेला. सगळं पुसून नव्याने बसवलं. जाताना विचारलं, होमपेज काय ठेवू? सुचेना. म्हणालो, विचार करून सांगतो. तो म्हणाला, काका, इंटरनेट उघडल्यावर पहिलं पान कुठलं दिसावं एवढंच आहे, फार विचार नको. हल्लीच्या लोकांना पहिल्या गोष्टीचं महत्त्वच नाही. मी नीट ठरवणार.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
ठराव: ज्ञानकोश. रोज एक लेख. वर्षअखेर बहुश्रुत. ऑफिसात साहेबसुद्धा विचारायला येतील.

७ ऑक्टोबर
आजचा लेख: शेवाळ. वाचता वाचता डोळा लागला. ही म्हणाली, झोपायचंच आहे तर पलंग आहे की. टाइप फार बारीक आहे.

८ ऑक्टोबर
बातम्या ठेवल्या.

९ ऑक्टोबर
बातम्या काढल्या. ब्लडप्रेशर.

१० ऑक्टोबर
कोरं पान. मन स्वच्छ राहतं. हिला वाटलं, कॉम्प्युटर पुन्हा बिघडला. तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो माझ्याकडे बघून नुसता हसला.

१४ ऑक्टोबर
हवामान! शास्त्रही आहे आणि टाइपही मोठा. शहर निवडायचं होतं. इथलं हवामान खिडकीतून फुकट दिसतं, म्हणून लेक राहते ते शहर टाकलं. यात दुसरं काही नाही. मी शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी सोडून ती तिकडे गेली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आधी तिनेच बोलायला हवं. मी ठाम आहे.

२२ ऑक्टोबर
तिथे पाऊस. माझा संबंध नाही, पण हिला म्हटलं, फोनवर छत्रीचं सांग. लेक म्हणते म्हणे, कडक ऊन आहे. स्क्रीनवर ढग स्पष्ट दिसतायत. पोरगी खिडकीबाहेर बघतसुद्धा नाही. लहानपणापासून धांदरट.

५ नोव्हेंबर
तिथे वादळाचा इशारा. ऑफिसात लक्ष लागेना, पत्रं भलत्याच पाकिटांत घातली. घरी येऊन हिला म्हटलं, तिला सांग, बाहेर पडू नको. ही काहीतरी बोलणार होती. मी म्हटलं, वाद नको, समोर लिहिलंय. ती भाजी निवडत बसली.

१९ नोव्हेंबर
दमलो. तिकडचं बघण्याच्या नादात स्वतःची छत्री घरी राहिली. भिजलो. घसा बसला.

२० नोव्हेंबर
लेक आली, दोन दिवसांसाठी. परतीचं तिकीट काढायला तिने कॉम्प्युटर उघडला, तर समोर ते हवामान. मग आईला विचारलं, तिथे आता आपलं कोण असतं? ते शहर तिने केव्हाच सोडलंय. नवी नोकरी, नवं शहर. हिला सगळं माहीत होतं. म्हणाली, तुम्ही एकदा तरी विचाराल म्हणून थांबले होते.
म्हणजे इतके दिवस मी कुणा परक्यांच्या पावसाची काळजी केली. फार वाईट वाटलं.
लेक हसली नाही. मलाच विचारलं, बाबा, मग होमपेज काय ठेवू? म्हणालो, तू असतेस ते. आवाज नीट फुटला नाही. घशामुळे.

२२ नोव्हेंबर
गेली. पोचल्याचं आईला कळवलं. ठराव: उद्या मी स्वतः फोन करणार. बोलायचे मुद्दे काढून ठेवले.

२३ नोव्हेंबर, सकाळी ८
केला. तिने उचलल्यावर मुद्दे आठवेनात. म्हणालो, तुझ्याकडे आज ऊन आहे. ती म्हणाली, हो बाबा, उन्हातच उभी आहे.