कडी नसलेलं दार

ता. १९, गुरुवार, दुपार

तीर्थरूप आईंना,

सुनेचा नमस्कार. आम्ही तिघंही इथे बरे आहोत. गोटीला वरचे दोन दात आलेत, तिसरा डोकावतोय. दिसेल त्याला चावते. परवा ह्यांच्या नकाशाचा कोपरा खाल्लान्‌ तिने, तर हे म्हणाले, "बघ, एक विमानतळ गिळलं पोरीने!" तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा.

मागे फोनवर सांगितलं होतं की आंघोळीत गोटी माझ्या हातून निसटली आणि नाकातोंडात पाणी गेलं. ती आता बरी आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

हे पत्र टपालाने पाठवलेलं नाही, माझा भाऊ घेऊन आलाय. त्याला बसा म्हणा, पण तो बसला नाही तर राग मानू नका. उत्तर घेतल्याशिवाय परतायचं नाही असं मी त्याला बजावलंय. फोनवर मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "दूध उतू जातंय, ठेवते." म्हणून कागद.

मला नीट मांडून सांगता येत नाही. सातवीनंतर पेन धरलं ते ह्यांच्या अभ्यासापुरतं. हे हँगरमध्ये विमानं ढकलायचे तेव्हापासून पुस्तक जवळ असायचं, आणि तिथल्या विमानाच्या शाळेच्या मोठ्या सरांनी ह्यांना शिकायला बसवल्यावर तर जेवतानाही. कायद्याचं पुस्तक, हवेतल्या रहदारीचं. प्रश्न मी वाचायचे, उत्तर हे द्यायचे. मला अर्थ कळायचा नाही, पण ऐकून ऐकून पाठ झालं. समोरासमोर दोन विमानं आली तर? दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आमचं स्वयंपाकघर एवढंसं, मी ताट घेऊन निघाले आणि हे समोरून आले की दोघंही उजवीकडे वळायचो. रोजचा खेळ होता आमचा. हल्ली मी जागच्या जागी उभी राहते आणि ह्यांचे डोळे बघते.

उतरणाऱ्याला वाट द्यायची. ज्याला नीट वळता येत नाही त्यालाही द्यायची. आणि जो अडचणीत आहे त्याला सगळ्यांनीच द्यायची. मी एकदा विचारलं, "तो अडचणीत आहे हे बाकीच्यांना कळतं कसं?"

"त्याने सांगायचं. रेडिओवर, तीन वेळा."

"आणि त्याचं त्यालाच कळत नसेल तर?"

हे हसले. म्हणाले, "असा प्रश्न पुस्तकात नाही. पुढचा विचार, मास्तरीणबाई."

आई, मी जे विचारलं तेच आमच्या घरात झालंय.

दीड महिना झाला. जेवत होते. घास हातात, आणि हे थांबले. डोळे उघडे, पण बघत नव्हते. ओठ नुसते चाटल्यासारखे हलत होते. मी हाक मारली, दंडाला धरून हलवलं, गोटीने ताटलीवर चमचा आपटला, कशानेच नाही. मी मनात चाळीसपर्यंत मोजलं. मग म्हणाले, "अशी काय बघतेस? मीठ दे." काही झालं हेच ठाऊक नाही! मी सांगितलं तर म्हणाले, "विचारात होतो." नंतर एकदा बूट घालताना झालं. मग आणखी एकदा, ते पुढे सांगते.

पुस्तकात लिहिलंय, तब्येतीत काही बिघडलं तर उडायचं नाही, शाळेला कळवायचं. मीच वाचून दाखवलं होतं. तेच पान पुन्हा समोर धरलं तर म्हणाले, "पण मला कुठे काही वाटतंय?" खरंच वाटत नाही त्यांना. हे खोटं बोलत नाहीत. माझी पंचाईत तीच आहे.

येत्या शनिवारी सकाळी ह्यांना एकट्याला लांब जायचंय. तीन ठिकाणी उतरून परत. आजवर एकट्याने उडाले ते मैदानाभोवती, आणि सर खाली उभे. ह्या वेळी खाली कुणी नाही.

मंगळवारी मी गोटीला कडेवर घेऊन शाळेत गेले. मोठ्या सरांना सगळं सांगितलं, घासाचं, बुटाचं. त्यांनी ह्यांनाच बोलावून घेतलं. हे आले, मला बघून लालेलाल. म्हणाले, "सर, गोटी झाल्यापासून हिची झोप उडालीय. डोकं ठिकाणावर नसतं. परवा आंघोळ घालताना पोरगी हातातून निसटली हिच्या. आणि ही मला सांगते, माझं लक्ष नसतं!"

सर वाईट नाहीत. मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "वहिनी, आमची ही वीस वर्षं झाली तरी मी वर गेलो की अजून रेडिओ लावून बसते. भीती वाटणारच." मग कपाटातून ह्यांचा अर्ज काढला, डॉक्टरकडे जाताना भरतात तो. "हे बघा, डॉक्टरांनी विचारलंय. कधी चक्कर, फीट, शुद्ध हरपणं? नाही, नाही, नाही."

त्या 'नाही'पुढच्या खुणा माझ्या हातच्या होत्या, आई. हे अभ्यासात होते, मी गोटीला पाजत होते, मी वाचत गेले आणि हे पुस्तकातून डोकं न काढता म्हणत गेले, नाही, नाही, नाही. मी वरपासून खालपर्यंत खुणा केल्या. सही ह्यांची. तो कागद बघितला आणि मी उठलेच.

निघताना सर म्हणाले, "ह्याला लहानपणी असं काही व्हायचं असं घरच्या जुन्या माणसाने लिहून दिलं, तर मला थांबवावंच लागेल. नाहीतर तुमच्या एकटीच्या सांगण्यावर मी मुलाचं वर्ष कसं बुडवू?"

घरी येऊन मी पोरीला झोपवलं आणि भिंतीकडे बघत बसले. तेव्हा मला तुमच्या न्हाणीघराचं दार आठवलं.

नवी नवरी होते, त्या दाराला कडी नव्हती. कुणी येऊ नये म्हणून मी आत बसून बादली वाजवायचे आणि बाहेर तुम्ही म्हणायचात, "आंघोळ करतेस की भांडी घासतेस?" मी तुम्हाला कडी बसवा म्हटलं तर तुम्ही ऐकलं न ऐकलं केलंत. आणि आम्ही वेगळे राहायला निघालो तेव्हा मला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्यात. ह्याला उपाशी ठेवू नकोस, जागरण करू देऊ नकोस, आंघोळीला गेला की आतून कडी लावू देऊ नकोस. मला वाटलं, एकुलत्या एका मुलाचे लाड.

हे सांगतात की लहानपणी तुम्ही रोज सकाळी 'शक्तीची गोळी' द्यायचात, चांगले बारा वर्षांचे होईपर्यंत. हनुवटीवरची खूण जिन्यावरून पडल्याची. कसे पडले ते त्यांना आठवत नाही.

तुम्हाला माहीत होतं, आई. मी दोष द्यायला लिहीत नाही. आजार मागे पडला असं तुम्हाला वाटलं असेल. लग्नाच्या वेळी सांगितलं असतंत तर माझ्या माहेरच्यांनी नकार दिला असता, तेही मला कळतं. लपवलं तुम्हीही आणि मीही. माझं आता सांगते.

गोटी माझ्या हातून निसटली नव्हती.

त्या दिवशी हे म्हणाले, आज मी घालतो आंघोळ. मी गॅसपाशी. आतून दोघांचा दंगा ऐकू येत होता, पाण्याचा, हसण्याचा. मग एकदम काही नाही. मी दार ढकललं. हे पाटावर बसलेले, एका हातात साबण, भिंतीकडे बघतायत, ओठ हलतायत. आणि टबात गोटी पाण्याखाली. डोळे उघडे होते तिचे. आई, तिचे पण डोळे उघडे होते.

मी तिला ओढून काढली, उलटी धरली, पाठीवर मारलं. ती रडली तेव्हा हे म्हणाले, "काय झालं? टॉवेल दे ना."

मी म्हणाले, "माझ्या हातून निसटली." त्यांच्या तोंडाकडे बघून दुसरं काही बोलवेनाच. स्वतःच्या हातून काय झालं असतं हे कळलं असतं तर काय केलं असतं त्यांनी? आणि हे मला ओरडले, "तुझं लक्ष कुठे असतं?" मी ऐकून घेतलं. तेच बोलणं मंगळवारी सरांसमोर माझ्या अंगावर आलं, आणि तिथेही मी गप्प बसले.

दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून गोटी आहे. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून. हे तुमचं देणं मी विसरणार नाही.

आता मला तुमच्या हातची एक ओळ द्या. कुठल्या वयापासून फीट यायची, कसलं औषध, कुणा डॉक्टरचं. जास्त काही नको. मला माहीत आहे मी काय मागतेय. लहानपणापासून ह्यांनी उडण्याशिवाय दुसरं काही मागितलं नाही, ते तुमच्या हाताने काढून घ्यायला सांगतेय. हे पुन्हा विमानं ढकलतील, किंवा तेही नाही. माझ्याशी बोलणार नाहीत, तुमच्याशीही नाही. ह्यातून काही चांगलं निघेल असं मला दिसत नाही.

भाऊ रिकाम्या हाताने आला तरी शनिवारी मी गोटीला घेऊन विमानाच्या शाळेत जाणार आहे, आणि टबाचं सगळ्यांसमोर सांगणार आहे. ह्यांच्या तोंडावर. पण माझं ऐकतील असं नाही. मी घाबरट बाई ठरलेय.

काल मी सुरीने स्क्रू फिरवून आमच्या न्हाणीघराची कडी काढून टाकली. हे म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हणाले, गंजली होती. आता तुमच्यासारखंच आमचंही दार झालं. पण एकट्याने उडायचं तर शेजारी कुणाला बसवता येत नाही, हा नियम आहे, मीच पाठ करून घेतलाय. आणि विमानाचं दार आतून बंद होतं, आई.

पत्र न्यायला भाऊ दारात उभा आहे.

गोटीची आई