उजव्या गुडघ्याची ऊब

७ जाने.
…अंगण झाडले, विहिरीचे पाणी आणले, पेज चुलीवर ठेवली नि विळीच्या आडाळ्यावर बसून बांगडे कापायला घेतले. हे पायरीवरून म्हणाले, "आज सार जरा तिखट कर गो." मांजराला हुसकत कापले, उठले. हे असतानाची साधी सकाळ. गुडघे आहेत याची आठवणही नव्हती. आज तिथूनच उठताना भिंत धरली. उजवा वाकेना, सरळही होईना.

९ जाने.
सकाळी पाय आखडलेला. थोडे चालल्यावर सुटतो. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून आलेत, डाव्याचे दिसतात. शेजारच्या सुमतीवहिनींनी दाबून बघितला. "वात तो. रेती तापव नि शेक. म्हातारपण काय फकत आमकाच?"
शेकला.

११ जाने., रवि.
चर्चमध्ये सगळे गुडघ्यांवर, मी बाकावर. बाहेर आल्यावर नणंद फिलू, "काय गो वहिनी, आता देवाच्या बरोबरीन बसतंस?" हसले नि पुढे झाले.
संध्याकाळी घरी माळेचा जप, तेर्स, मात्र गुडघ्यांवरच. हे गेल्यापासून रोज तसाच म्हणते, ह्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्सापर्यंत म्हणणार. डॉ.ना दाखवले तर पहिले तेच बंद करतील. उठताना खाट धरून बराच वेळ…

१३ जाने.
शेकून वाढलाच. कातडी लाल, ताणलेली. वाचनालयातले आरोग्याचे पुस्तक काढले. सूज, सकाळचा ताठरपणा, पायऱ्या चढताना कळ: वयाने झीज होते. इथवर वाचून बरे वाटले. खाली होते, सांधा लाल नि गरम, सोबत ताप, तर थांबू नये. पुस्तक मिटले.
मग पालथा हात डाव्यावर ठेवला. गार. उजव्यावर ठेवला. ही ऊब माझ्या ओळखीची. ह्यांचे पाऊल असेच लागायचे हाताला. जखम एवढीशी, आणि विष वर चढत गेले.
ताप नाही अजून. नाही ना.

१५ जाने.
थंडी वाजून आली. कपाळ तापलेले. फिलू पेज घेऊन आली. गुडघ्याला हात लावला नि लगेच काढून घेतला.
"वहिनी, दादाचो पाय पण…"
"गप गो."
पेज निवली. दोघींपैकी कोणी खाल्ली नाही. जाताना म्हणाली, "माका एकदा बघूचा लागला. परत नको."
रात्री तेर्स अर्धा. गुडघा टेकवेना.

१६ जाने.
पहिल्या एसटीने कणकवली. फिलू तळेऱ्याला कामाला निघाली होती, ते सोडून सोबत आली. डॉ.नी सुईने सांध्यातले पाणी काढले. गढूळ. तपासायला पाठवले. "रिपोर्ट येईपर्यंत इथंच राहा," म्हणाले. पू असला तर काय, ते मी विचारले नाही.
ह्यांनाही राहा म्हटले होते. चपला घालून घरी निघाले होते ते.
मी राहिले. फिलूला घरी पाठवून गाऊन नि चष्मा आणायला सांगितला.